विलायतेची चूल आणि आमची हळद

गेल्या चैत्रात सेनगावी एका आप्तांच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली असता एक लहानसा वाद आमच्या कानी आला. ओट्यावर हळदीच्या दोन वाट्या होत्या. एकीत घरच्या शेतातील हळकुंडांची, गिरणीवरून दळून आणलेली पूड होती. दुसरीत बाजारातून आणलेली सुटी पूड. घरची हळद किंचित मातकट, बाजारची मात्र सोन्यासारखी झळझळीत. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, गावातल्या बायकांपुढे ही मळकी हळद कशी ठेवायची?" आत्याबाई शांतपणे उत्तरल्या, "अगं, हळद लावायला असते, मिरवायला नव्हे." वाद तेथेच थांबला, परंतु आमच्या मनात मात्र तो थांबला नाही. रंग पाहून अन्नाची पारख करण्याची ही सवय कोठून आली आणि ती किती महाग पडते, याचा मोठा धडा विलायतेच्या एका काळात सापडतो. तो आज वाचकांपुढे ठेवावा असे योजिले आहे.

हा काळ म्हणजे इंग्लंडात १७१४ पासून १८३० पर्यंत एकामागून एक चार जॉर्ज राजे गादीवर होते तो. पुण्यास पेशवाईचा उदय आणि अस्त याच अवधीत झाला. पेशवाई बुडाली त्या सुमारास निजामाच्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील फौजेची छावणी आमच्या शेजारी हिंगोलीस पडली. हे अंमलदार ज्या घरांतून आले, त्या घरांत रोज काय शिजत होते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. साहेब म्हणजे काटे, चमचे आणि मेजवानी, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. तेथील सामान्य गृहिणीची चूल आपणांस दिसत नाही.

ती चूल आपल्या चुलीहून फार निराळी होती. भिंतीतील मोठ्या कोनाड्यात उघडा विस्तव धगधगत असे. त्यावर साखळीने हंडा टांगावयाचा, आणि मांस लोखंडी सळईस टोचून विस्तवापुढे तासन्‌तास फिरवावयाचे. सळई फिरविण्यासाठी काही घरांत भिंतीवरच्या चक्रात लहान कुत्र्यास घालून पळवीत असत! पीठ व चरबी यांचा गोळा फडक्यात बांधून हंड्यात उकडीत. हेच त्यांचे पुडिंग. उघड्या विस्तवाची बहुतेक आच धुराड्यावाटे फुकट जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फोर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने विस्तव चोहोंकडून बंद करून वरच्या भोकात भांडे बसविण्याची युक्ती सांगितली, तेव्हा तिचा मोठा गाजावाजा झाला. आमच्याकडील मातीची चूल आणि तिचा वैल आच राखण्याचे काम निमूटपणे करीतच होते!

त्या काळच्या पाकशास्त्रावरील पुस्तकांत सर्वांत गाजले ते हॅना ग्लास या बाईंचे, १७४७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. त्यावर नाव न घालता 'एका स्त्रीने लिहिलेले' एवढेच छापले होते. फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळपट्टीवर बाईंचा मोठा राग. साध्या मोलकरणीसही वाचून कळावे अशा भाषेत लिहिण्याचा त्यांचा निर्धार होता. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, तथापि बाईंचे १७५४ साली दिवाळे वाजले. याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' करण्याची कृती आहे. मौज अशी की, पहिल्या आवृत्तीत तीत मसाला म्हणून धने व मिरे एवढेच होते. हळद आणि सुंठ पुढील आवृत्त्यांत आली. अशा रीतीने आमची हळद इंग्रज गृहिणीच्या फडताळात जाऊन बसली. तिचे तेथे पुढे काय झाले, ते शेवटी सांगू.

हे झाले खात्यापित्या घरांचे. शेतमजुराच्या घरी काय होते? येथे एक बोधप्रद भेद दिसतो. इंग्लंडच्या उत्तर भागात गरीब माणूस ओट नावाच्या भरड धान्याची लापशी, दूध व बटाटे यांवर राही. दक्षिणेत मात्र गव्हाच्या पांढऱ्या पावावाचून त्याचे चालत नसे. त्याबरोबर थोडे चीज आणि दुधावाचूनचा चहा. सर फ्रेडरिक ईडन यांनी १७९७ साली गरिबांच्या स्थितीवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात उत्तरेकडील काटकसरीच्या स्वयंपाकाची वाखाणणी केली असून दक्षिणेकडील बायकांस तो येत नाही याबद्दल खेद दर्शविला आहे.

परंतु दोन वर्षे अगोदरच, १७९५ साली, डेव्हिड डेव्हिस नावाच्या एका खेडेगावच्या धर्मोपदेशकाने याचे खरे कारण दाखवून दिले होते. गावची सामायिक राने व कुरणे जमीनदारांनी कुंपणे घालून आपलीशी केली. त्यामुळे मजुराची गाय गेली आणि सरपणही गेले. दूध नाही म्हणून चहा, आणि भट्टी पेटविण्यास लाकूड नाही म्हणून बाजारचा पाव! चहा हे गरिबीचे कारण नसून तिचा परिणाम आहे, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. दुसऱ्याच्या चुलीस नावे ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ध्यानात धरावे. चूल आळसाने विझते असे नव्हे; पुष्कळदा ती विझविली जाते.

एकदा भाकरी बाजारातून येऊ लागली म्हणजे घराचे प्राण बाजाराच्या हाती जातात. १७९५ साली पीक बुडाले, धान्य कडाडले. त्या वर्षी ६ मे रोजी बर्कशायर परगण्याचे न्यायाधीश स्पीनहॅमलँड येथे जमले आणि मजुरास मिळावयाच्या मदतीचे कोष्टक त्यांनी पावाच्या भावावर बसविले : ८ पौंड ११ औंसांचा पाव एक शिलिंगास मिळत असेल, तर पुरुषास आठवड्यास तीन शिलिंग आणि बायको व इतर प्रत्येक माणसामागे दीड शिलिंग पडावे. त्याच वर्षी सरकारने केसांस लावण्याच्या पुडीवर एक गिनी कर बसविला. कारण श्रीमंतांच्या टोपांवर भुरभुरविण्याची ती पूड पिठासत्त्वाचीच असे! पुन्हा १८०० साली टंचाई आली, तेव्हा कोंड्यासकट दळलेल्या पिठावाचून दुसरे पीठ गिरणीवाल्याने करू नये असा कायदा झाला. तो लोकांस इतका अप्रिय झाला की, ससेक्समध्ये बायका गिरणीवाल्यावर चालून गेल्या आणि १८०१ सालीच तो कायदा रद्द करावा लागला. दोष केवळ हट्टाचा नव्हता. त्या पावाने पोटे बिघडतात अशी तक्रार होती. परंतु 'काळा पाव तो गरिबाचा, पांढरा तो प्रतिष्ठिताचा' ही भावनाही त्यामागे होतीच. आमच्या मराठवाड्यात ज्वारीची भाकरी मागे पडून गव्हाची पोळी पुढे आली, तीत केवळ स्वस्ताईचाच भाग आहे असे कोण म्हणेल?

पांढऱ्याच्या या हव्यासाचा फायदा व्यापाऱ्यांनी घेतला नसता तरच नवल. फ्रेडरिक आकुम हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लंडनात राहत असे. अन्नातील भेसळ व स्वयंपाकघरातील विषे यांवर १८२० साली त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला आणि महिनाभरात त्याच्या हजार प्रती खपल्या. त्यात काय नव्हते? पाव पांढरा दिसावा म्हणून पिठात तुरटी. चहात रानझुडपांची पाने, आणि ती हिरवी दिसावीत म्हणून जंगाल. चीजला लाली यावी म्हणून घालावयाच्या रंगात चक्क शेंदूर, म्हणजे शिशाचे भस्म! लोणची हिरवीगार दिसावीत म्हणून तांब्याची नाणी घालून उकळावीत, किंवा तांब्यापितळेच्या भांड्यात चोवीस तास ठेवावीत, असा उपदेश तर काही पाकपुस्तकांतूनच केलेला होता.

हे वाचताना आमच्या वाचकभगिनींच्या अंगावर शहारे येतील. कारण पितळेच्या भांड्यात ताक अथवा आमटी कळकते, हे आमच्या घरांतील दहा वर्षांच्या मुलीसही पूर्वी ठाऊक असे. त्यासाठीच कल्हईवाल्याची हाक आली म्हणजे घरातील पातेली अंगणात निघत; त्यासाठीच लोणच्याला चिनी मातीची बरणी. हे ज्ञान कोणत्या ग्रंथातले नव्हे; ते सासूकडून सुनेकडे, हातातून हातात आलेले. एकत्र कुटुंबाची जी थोडीफार पुण्याई शिल्लक आहे, तीत याची गणना आम्ही करितो.

आकुमने भेसळीबद्दल शिक्षा झालेल्या व्यापाऱ्यांची नावे छापली होती. त्यामुळे त्यास शत्रू पुष्कळ झाले. पुढे ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप त्याजवर येऊन तो इंग्लंड सोडून गेला, आणि भेसळ निर्धास्तपणे चालू राहिली. तीस वर्षांनंतर डॉक्टर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राने बाजारचे जिन्नस तपासले. मोहरीची पूड पाहतात तो तीत गव्हाचे पीठ, आणि पिठाचा फिकेपणा झाकण्यासाठी आमची हळद! करीच्या तयार मसाल्यांपैकी काहींत तर शेंदूर निघाला. ज्या हळदीस आम्ही मंगल मानतो, ती परदेशी भेसळीची दासी झाली. तेथे भेसळविरोधी पहिला कायदा १८६० साली आणि खरा परिणामकारक असा १८७५ साली झाला. आमच्याकडे तो १९५४ साली झाला व त्याची जागा पुढे २००६ च्या कायद्याने घेतली.

आता हळदीचा हा फेरा पुरा होऊन आपल्याच दारी आला आहे. हिंगोली, वसमत, सेनगाव हा सारा हळदीचा मुलूख. काढलेली हळद शिजवून, वाळवून, फिरत्या पिंपात घासून उजळ करितात, यात गैर काही नाही. परंतु निकृष्ट हळकुंडे उजळ दिसावीत म्हणून त्यांस शिसे-क्रोमेट नावाचा पिवळा रंग देण्याचे प्रकार या उपखंडात उघडकीस आलेले आहेत. शिसे मुलांच्या मेंदूस किती घातक, हे निराळे सांगणे नको. आणि असा रंग देणारा तरी तो का देतो? आपणच झळझळीत वाटी उचलतो म्हणून!

यावर सर्व काही घरी करा, असा उपदेश करणे सोपे आहे. पण डेव्हिसचे म्हणणे येथे आठवावे. वेळ व मनुष्यबळ यांवाचून चूल चालत नाही. घरच्या हळकुंडांची हळद हवी असेल, तर ती निवडणे, फोडणे व दळून आणणे हे एकट्या सूनबाईंच्याच गळ्यात पडता कामा नये. घरातील पुरुषांनीही त्यास हात लाविला पाहिजे. सुनेची पाठ मोडून राखलेली शुद्धता फार दिवस टिकत नाही.

त्या दिवशी सेनगावी आम्ही एक साधी परीक्षा सुचविली. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन दोन्ही हळदी एकेक चमचा सोडल्या. घरची हळद हळूहळू तळाशी बसली आणि वर फिकट पिवळे पाणी राहिले. दुसऱ्या पेल्यातले पाणी गडद पिवळेच राहिले. ही परीक्षा निर्णायक नव्हे. शिसे आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते. पण शंका घेण्यास तेवढे पुरे. सूनबाई दोन्ही पेल्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग काही न बोलता त्यांनी झळझळीत हळदीची वाटी बाजूस सारली, आणि संध्याकाळी बायकांपुढे जे तबक फिरले, त्यात घरची मातकट हळद होती.