मुकुट राणीला, मौन बाकीच्यांना

ग्वाम हे पॅसिफिक महासागरातलं छोटं बेट. तिथले मूळ रहिवासी चामोरो. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हे बेट अमेरिकेकडून हिसकावलं. २१ जुलै १९४४ रोजी अमेरिकन सैन्य परत उतरलं. तेव्हापासून २१ जुलै हा तिथला मुक्तिदिन. मिरवणूक, चित्ररथ, जेवणावळी. आणि दशकानुदशकं या सोहळ्यात निवडली गेली मुक्तिदिनाची राणी! मुकुट कुणाला? जिच्या नावावर जास्त तिकिटं खपतील तिला.

मैत्रिणींनो, त्या जपानी राजवटीत बायकांच्या वाट्याला काय आलं? सैनिकांच्या ‘सुखासाठी’ बायकांना डांबलं गेलं. काही बाहेरून आणलेल्या, काही चामोरो. शेवटी शेवटी हजारो माणसांना मानेंगॉनच्या छावणीकडे पायी हाकललं, त्यात लेकुरवाळ्याही होत्या. बलात्कार झालेल्या बाईला कोणत्या चित्ररथावर जागा मिळाली?

१९९१ साली कोरियाच्या किम हाक-सून जाहीरपणे बोलल्या, तेव्हा कुठे जगाने या लैंगिक गुलामगिरीकडे कान दिला. ग्वामच्या लोकांनी जपानकडे भरपाई मागण्याची वाट तर अमेरिकेनेच १९५१ च्या तहात बंद केली होती. अखेर २०१६ साली अमेरिकेने कायदा केला. हयात असलेल्यांसाठी दर ठरले: बलात्कार किंवा गंभीर इजा १५ हजार डॉलर, वेठबिगारी १२ हजार, छावणी १० हजार. सत्तर वर्षं गप्प बसवलेल्या बाईने तेव्हा अर्ज भरायचा होता!

कुणी म्हणेल, सणात हे रडगाणं कशाला? आमचं भांडण सणाशी नाही. या सोहळ्याची सुरुवात करण्याचं श्रेय आगेडा जॉन्स्टन या शिक्षिकेला दिलं जातं. तिने जपान्यांचा मार खाल्ला होता, तिचा नवरा जपानच्या कैदेत मेला होता. आठवण जागी ठेवणं हा तिचा हक्कच होता. भांडण आहे ते बाईला शोभेची बाहुली करून तिची साक्ष पुसण्याशी.

आपणही फार वेगळे नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदन होतं, पण फाळणीत पळवल्या गेलेल्या हजारो बायकांची आठवण किती भाषणांत निघते? मुक्तीचा इतिहास बायकांच्या तोंडून ऐकायची तयारी नसेल, तर ती मुक्ती नेमकी कुणाची?