ग्रुपला कुलूप लावण्याचा अधिकार कोणाचा?

सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या आपल्या पोरांना एकत्र बसायला वेळ मिळत नाही. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, तिसरा कंपनीच्या बसने नगरहून ये-जा करतो. त्यामुळे जयंतीची वर्गणी, मंडपाची परवानगी, व्याख्याते, विहाराची साफसफाई असं सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच ठरतं. ग्रुप हीच आता समिती झाली आहे. पण या समितीचे नियम आपण केलेले नाहीत, ते अ‍ॅपमध्ये आधीच घालून ठेवलेले आहेत.

त्यात दोनच वर्ग आहेत, अ‍ॅडमिन आणि बाकीचे. अ‍ॅडमिन एका बोटाने सगळ्यांचं लिहिणं बंद करू शकतो, कोणाचाही मेसेज सर्वांच्या फोनवरून पुसू शकतो, कोणालाही काढू शकतो. कारण देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. गेल्या जयंतीला डीजे की व्याख्यानमाला यावर आमच्या ग्रुपवर वाद पेटला. रात्री अकराला 'ओन्ली अ‍ॅडमिन' झालं. रात्रपाळीवरची पोरं सकाळी सुटली तोवर डीजेची सुपारी गेलेली होती. त्यातले दोघे मिरवणुकीला आले नाहीत, आणि त्यानंतर विहारातही दिसले नाहीत.

कुलूप लावणारा माणूस वाईट नव्हता, तो घाबरला होता. एखाद्याने भलतंच काही टाकलं तर गुन्हा आपल्यावर येईल, ही धास्ती बहुतेक अ‍ॅडमिनना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. आपल्या अ‍ॅडमिनना हे कोणी सांगत नाही.

हा वाद जगात नवा नाही. 1980च्या दशकात अमेरिकेत 'कोऑर्डिनेटर' नावाचं कार्यालयीन सॉफ्टवेअर आलं. त्यात प्रत्येक संदेश विनंती आहे की वचन, हे आधी नोंदवायचं. ल्यूसी सुचमन या अभ्यासिकेने दाखवून दिलं की अशा साच्यांतून शिस्त आणि नियंत्रण लादलं जातं.

आपल्याकडे तर याहून जुना वारसा आहे. 25 नोव्हेंबर 1949ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं माहीत होतं. विनयानुसार गंभीर कारवाईचा प्रस्ताव एकदा मांडून तीनदा विचारायचा, आणि ज्याच्यावर कारवाई त्याच्या समोरच. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मत घ्यायचं. शलाका वाटणाराही संघाने निवडलेला असायचा, आणि तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा. भय हा शब्द आमच्या अ‍ॅडमिनच्या बाबतीत फार बोलका वाटतो.

एक फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. संघात मौन म्हणजे संमती, कारण सगळे समोर बसलेले असत. आजारी भिक्खूही आपली संमती दुसऱ्याकरवी कळवत असे. ग्रुपवर गप्प असलेला माणूस झोपलेला असतो, मशीनवर असतो, नाहीतर रिचार्ज संपलेला असतो. त्याचं मौन संमती म्हणून मोजणं ही फसवणूक आहे.

म्हणून यंदा आम्ही ठरवलं. पैशाचा कोणताही निर्णय मांडल्यापासून दोन दिवस खुला राहील, म्हणजे तिन्ही पाळ्यांना तो वाचता येईल. कुलूप लावायचं तर कारण लिहायचं आणि ते कधी उघडणार तेही. कोणाला काढायचं असेल तर आधी त्याला विहारात बोलवायचं. अ‍ॅडमिन तीन, दरवर्षी बदलणारे.

गुप्त मतदानाचं अजून जमलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे थोरल्या भावाच्या विरोधात धाकटा बोट लावत नाही. सध्या चिठ्ठ्या टाकतो, पण त्यासाठी परत एकत्र यावं लागतं. शिवाय बऱ्याच घरांत ग्रुपवर नवऱ्याचाच नंबर आहे, ताईंचा नाही. हा विषय पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर घेणार आहोत. तशी सूचना ग्रुपवर टाकली आहे, आणि ग्रुप सध्या उघडा आहे.