वजिराची पारख

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम आला, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावीही एखाद्या सकाळी मैदानावर फक्कीच्या रेषा उमटतात, दोन खांब रोवले जातात, आसपासच्या खेड्यांतून जीपगाड्या भरून मुले-मुली येतात आणि दुपारची भाकरी सोडण्यापूर्वीच खो-खोच्या संघाची निवड उरकलेली असते. कोण किती वेगाने धावला, किती मिनिटे पळाला, किती गडी त्याने टिपले, याचा सारा तपशील घड्याळ लावून कागदावर उतरतो. मोजणीस आलेल्या कारकुनाने साखळी टाकावी, आकडे टिपावेत आणि मातीचा पोत न पाहताच दप्तर मिटावे, तसाच हा प्रकार आहे. नकाशा अचूक उतरतो. त्या रानात तूर चांगली येईल की हरभरा, हे मात्र त्यावरून कळत नाही.

एके काळी या उणिवेने फारसे बिघडत नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या देशी खेळास नियमांची चौकट दिली, आणि पारंपरिक खेळात प्रत्येक आक्रमकास एकच कायदा लागू असतो. खो मिळून उठल्यावर जी दिशा धरली ती खांबाला वळसा घालेपर्यंत सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही आणि पलीकडचा गडी हवा असेल तर पाटीवर पाठमोऱ्या बसलेल्या सोबत्याला खो देऊन आपण त्याच्या जागी बसायचे. परंतु २०२२ साली बालेवाडीत 'अल्टिमेट खो-खो' या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघांनी आळीपाळीने नावे पुकारून आपापले खेळाडू निवडले आणि त्या खेळात 'वजीर' नावाचा एक नवा अंमलदार नेमला गेला. बुद्धिबळातल्या वजिराप्रमाणे यालाही हव्या त्या दिशेने धावण्याची सनद असते. इतरांना बांधणारे दिशेचे बंधन त्याला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या दोन कर्णधारांनी भारताला पुरुषांचे व महिलांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवून दिली, तेव्हापासून तर गावोगावच्या मुलांना वजीर होण्याची स्वप्ने पडू लागली आहेत. तेव्हा वजीर निवडताना नेमके पाहावे काय, हा प्रश्न आता तालुक्याच्या मैदानावरही येऊन ठेपला आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की जो सर्वांत वेगवान, तोच वजीर. मला ती मान्य नाही. वेग हा या पदाचा प्रवेशदाखला आहे, सनद नव्हे. ज्याला कोणतेही बंधन नाही, त्याची खरी परीक्षा पायांची नसून संयमाची असते. कारण सर्व दिशा मोकळ्या असलेल्या माणसास प्रत्येक गडी आपणच टिपावा असा मोह होतो, आणि त्या मोहापायी तो एकाच चपळ संरक्षकामागे मैदानभर फिरत राहिला, की सोबती पाटीवर नुसते बसून राहतात आणि घड्याळ पुढे सरकते. म्हणून माझ्या मते वजिराचा पहिला गुण हा, की आपल्याला धावता येत असतानाही खो कधी द्यावा हे त्याला कळावे. आपली धाव अर्ध्यावर सोडून दुसऱ्याच्या हाती यश देणे हे या खेळाचे मर्म आहे, आणि ज्याला सर्वाधिक अधिकार मिळाला त्याने ते विसरता कामा नये.

दुसरा गुण दृष्टीचा. उत्तम आक्रमक संरक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. त्याचा भार कोणत्या पायावर आहे आणि खांदा कुठे झुकला आहे, हे पाहतो आणि त्याच्या हुलीला फसण्याऐवजी स्वतःची हूल आधी टाकतो. ही दृष्टी धावताना जितकी दिसते, त्याहून अधिक बसलेला असताना दिसते. पाटीवर बसलेला जो मुलगा मान न हलवता तिन्ही संरक्षकांचा माग ठेवतो आणि खो कानी पडण्यापूर्वीच ज्याचे शरीर उठण्यास सिद्ध झालेले असते, तो निवड समितीने हेरून ठेवावा. परंतु बसलेल्या मुलाकडे पाहण्याची वहिवाटच आपल्याकडे नाही. तिसरा गुण चुकीनंतरचा आहे. खांबावर सूर मारला, हात रिकामा आला आणि गडी निसटला, की पुढच्या क्षणी हा मुलगा सोबत्यावर ओरडतो की निमूटपणे उठून पुन्हा पाठलागास लागतो, यावर संघाचा त्याच्यावरील विश्वास ठरतो.

हा पेच केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा सूत्रधार असतो. चेंडू हाती आल्यापासून क्षणार्धात तो कोणाकडे फेकायचा, याचा निर्णय त्याच्यावर असतो. तिकडे दरवर्षी होतकरू खेळाडूंची चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजली जाते. २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या तरुणाने ती ५.२८ सेकंदांत, म्हणजे अगदी संथपणे, पूर्ण केली. निवडीत त्याचे नाव १९९ वे पुकारले गेले आणि पुढे त्याने सात वेळा तिथले सर्वोच्च अजिंक्यपद जिंकले. उलट २००७ साली अचाट बाहुबलाच्या जमार्कस रसेलला पहिलाच मान मिळाला आणि तीन हंगामांत त्याची कारकीर्द संपली. मंद पायांचा मनुष्य थोर ठरतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पारख करणाऱ्यांनी जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे मानले, एवढाच याचा अर्थ.

यावर अनुभवी क्रीडाशिक्षकांचे एक म्हणणे रास्त आहे. घड्याळाला वशिला कळत नाही. आकडा बाजूला सारून 'दृष्टी' आणि 'संयम' यांच्या नावाने निवड सुरू केली, तर कोणाचा पुतण्या आणि कोणाचा भाचा हेच गुण ठरतील. हे भय खोटे नाही. म्हणूनच आकडे फेकून द्यावेत असे मी म्हणत नाही. ते चाळणीसारखे वापरावेत, निवाड्यासारखे नव्हे. आणि निवाडा ज्या निरीक्षणावर करायचा, ते निरीक्षणही अर्ध्या दिवसाचे नसावे, हंगामभर लेखी नोंदीत असावे, म्हणजे कोणासही त्याची रुजवात घालता येईल.

शेजारच्या धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. धाराशिवची माती आमच्या मातीहून निराळी नाही. तिथून कर्णधार घडू शकते, तर लातूर विभागाच्या कोणत्याही तालुक्यातून घडू शकते. पण अशी खेळाडू एका सकाळच्या चाचणीत सापडत नाही, ती वर्षानुवर्षे कोणीतरी पाहत राहिल्याने ओळखू येते.

तेव्हा निवड समितीच्या सन्माननीय सभासदांस एवढीच विनंती, की यंदा हजेरीपट मिटण्यापूर्वी धावेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात लिहावे: पकडता येण्याजोगा गडी समोर असताना, अधिक खात्रीच्या सोबत्यासाठी, खो कोणी दिला? त्या रकान्यात ज्याचे नाव वारंवार येईल, त्याला वजीर करावे.