पाठराखीण हवी

नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण धाडण्याची रीत आपल्याकडे आहे. मुलीला स्वयंपाक येत नाही म्हणून नव्हे; परक्या घरात मीठ कुठल्या डब्यात आहे हे विचारायलाही पहिल्या दिवशी धीर लागतो, म्हणून. एवढे शहाणपण ज्या समाजाला आहे, त्याच समाजाने आपल्या आरोग्यसेविकांना मात्र चार दिवस वर्गात बसवावे, पिशवी आणि वही हाती द्यावी आणि एकटीला गावात सोडून द्यावे, हा मला शुद्ध अडाणीपणा वाटतो.

रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्यांत, वाड्या-आगरांत आणि डोंगराच्या कुशीतल्या कातकरी वस्त्यांत आशाताई ठाऊक नाही असे घर विरळा. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असावी असे ठरले, आणि तिच्यासाठी 23 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आखले गेले. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना खर्च येत नाही.

आता तिचे काम पाहा. बाळंतपण दवाखान्यात झाले तर 42 दिवसांत सहा आणि घरी झाले तर सात वेळा तिने त्या घरी जायचे. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक वेळा चालला तर ती धोक्याची खूण, हे तिला वर्गात सांगितलेले असते आणि विचारले तर ती बिनचूक सांगते. पण प्रत्यक्षात काय होते? बाळ दुपट्यात गुंडाळलेले असते, ते रडत असते, आणि तान्ह्या बाळाचा श्वास घड्याळासारखा एका लयीत चालत नाही. म्हणून पुरे एक मिनिट मोजावे लागते, आणि आकडा जास्त आला तर पुन्हा मोजावे लागते. त्या मिनिटभर आजी डोळे वटारून उभी असते. बाळाला उघडे केले म्हणून ती चिडते. ‘आम्ही काय पोरे वाढवली नाहीत?’ हा तिचा प्रश्न ठरलेला. नवखी आशा तीस सेकंदांतच आटोपते, दुप्पट करून आकडा लिहिते आणि बाहेर पडते. चूक तिची नव्हे. आजीशी दोन गोड शब्द बोलून बाळ मांडीवर कसे घ्यावे, हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. ते शेजारी बसून कुणीतरी करून दाखवावे लागते.

कोळ्याच्या पोराला कुणी खडूने होडी शिकवत नाही. तो तांडेलाबरोबर समुद्रावर जातो, शिव्या खातो आणि पाणी ओळखायला शिकतो.

‘गटप्रवर्तक आहेत ना!’ असे उत्तर मिळते. आहेत, साधारण वीस आशांमागे एक. तिला माहिती गोळा करायची, अहवाल द्यायचे, नोंदवह्या जुळवायच्या. जिच्यापुढे वही उघडायची तिच्यापुढे ‘मला जमत नाही’ असे कोण कबूल करील? तपासणारी आणि पाठ राखणारी या बायका वेगळ्या असाव्या लागतात.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे. ‘जिद्द असली की पुरे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांना कोण शिकवायला होते?’ खरे आहे. विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी रात्री काढून त्यांनी या आजाराचे स्वरूप पारखले आणि प्राझोसिन या औषधाने माणसे वाचवली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु अपवादाच्या जोरावर जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था चालवू म्हणणे म्हणजे एका ज्ञानेश्वरासाठी सगळ्याच रेड्यांकडून वेदांची अपेक्षा धरण्यासारखे आहे.

आणि महाराष्ट्राला हे ठाऊक नाही असेही नाही. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही आरोग्यसेविका केले, ते एकदाच शिकवून नव्हे. त्या आठवड्याच्या आठवड्याला जमत, अडलेले सांगत, एकमेकींकडून शिकत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात गावातल्याच बायकांनी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी केल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तिथे ठरावीक दिवसांनी गावात जाऊन काम पाहण्याची आणि चूक तिथल्या तिथे सुधारण्याची व्यवस्था होती. देशाने त्यातल्या भेटी उचलल्या, पिशवी उचलली. सोबत तेवढी मागे ठेवली.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक नव्या आशेबरोबर वर्षभर, महिन्यातून काही दिवस, एक जुनी जाणती आशा किंवा नर्सताई घरोघर फिरावी. तिने फक्त बघावे, करून दाखवावे, परतताना एसटीच्या थांब्यावर बोलावे. अहवाल लिहू नये. आणि त्या दिवसांचा मोबदला रोख द्यावा. जुन्या बायकांचे शहाणपण फुकट वापरायची आपली सवय इथेही नको.

घाई मात्र आहे. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. कोणती पोटुशी बाई कुठल्या भट्टीवर गेली, कुणाचे बाळ गेल्या खेपेला दगावले, हे चेहऱ्यांनिशी ठाऊक असलेल्या पहिल्या फळीतल्या आशा आता वयाने थकत चालल्या आहेत. त्यांच्या मागोमाग त्या पायवाटेने नवी आशा चालायला हवी, आणि तीही यंदा, वाड्या ओस पडण्याआधी.