मे महिन्यात खोली मिळेना, जुलैत गिऱ्हाईक मिळेना

उन्हाळी सुट्टी लागली की मालवण-तारकर्लीत खोली मिळणं मुश्किल. पाऊस लागला, वॉटर स्पोर्ट्स बंद झाले की त्याच खोल्या रिकाम्या. मग देशात पर्यटकांसाठी हॉटेलं कमी आहेत का?

कमी आहेत, पण ठरावीक जागी आणि ठरावीक दिवसांपुरती. मोठी हॉटेलं मुंबई-पुण्याकडे जातात, कारण तिथं धंद्यापाण्याची माणसं बारमाही येतात. गावाकडची गर्दी सुट्टीपुरती. तेवढ्यासाठी शंभर खोल्या बांधल्या तर बाकीचे महिने हप्ता कशातून फेडायचा? कतारनं २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला हेच ओळखलं. महिनाभराच्या पाहुण्यांना तंबूत, कंटेनरच्या खोल्यांत आणि जहाजांवरही ठेवलं.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात गावाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. ५० पर्यटनस्थळांचा राज्यांसोबत विकास करायचा, त्यासाठी जमीन राज्यांनी द्यायची. दुसरी, होमस्टेला मुद्रा कर्ज.

पहिलीत जमीन कुणाची जाणार, हे ग्रामसभेनं आधीच विचारलेलं बरं. दुसरीत जमीन आपलीच राहते. पाहुणा नसला तरी खोली घरच्यांच्या, नाहीतर धान्य ठेवायच्या कामी येते.

पण कर्ज ते कर्जच. मे महिन्याची गर्दी बघून ते काढू नये. जुलै-ऑगस्टात किती खोल्या भरतात ते बघावं, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी किती उरतं तेही. पाहुण्याला खोलीआधी पाणी लागतं.