मीटिंग रूमला क्यूआर सापडला नाही

भिंतीवरचे व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) यंत्र एका कंपनीचे आणि बैठकीचे आमंत्रण दुसऱ्या कंपनीचे असले, तरी टेबलावरचे एकच बटण दाबून बैठक सुरू होणे, ही मीटिंग रूमकडून ठेवण्याजोगी साधी अपेक्षा आहे. या आठवड्यात हाती आलेल्या एका निविदेत (काढणारी संस्था अनामिक राहिलेली बरी) ती एका ओळीत उरकली आहे: ‘सर्व प्रमुख प्लॅटफॉर्मशी सुसंगत’. त्याच निविदेत पडद्याचे इंच, पॅनेलची जाडी आणि ब्रॅकेटचा रंग यांना दीड पान मिळाले आहे.  इंच फूटपट्टीने मोजता येतात, म्हणून ते निविदेत येतात.

ही अडचण जन्मजात नव्हे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1990 मध्ये आयएसडीएन वाहिन्यांसाठी एच.320 आणि 1996 मध्ये संगणकजाळ्यांसाठी एच.323 ही मानके ठरवली; 1999 मध्ये सिप हे आणखी एक मानक आले. पॉलिकॉमच्या यंत्रावरून टँडबर्गच्या यंत्राचा आयपी पत्ता डायल केला की समोरची खोली दिसे. अनेक खोल्या जोडायच्या तर मध्ये एमसीयू नावाचा महागडा डबा लागे, आणि फायरवॉल ओलांडताना आयटीवाल्यांचा घाम निघे. चित्र अडखळे, आवाज ओठांच्या मागे राही. पण पलीकडचे यंत्र कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न सहसा आड येत नसे.

बिघडले ते बैठक खोलीतल्या यंत्रातून उठून क्लाउडमध्ये गेल्यावर. 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप विकत घेतले, सिस्कोच्या वेबेक्समधून बाहेर पडलेल्या एरिक युआन यांनी झूमचा पाया घातला आणि गूगलने वेबआरटीसी खुले केले. वेबआरटीसी पुढे 2021 मध्ये अधिकृत वेब मानक झाले. ब्राउझरमधून चित्र आणि आवाज कसा पाठवायचा हे ते ठरवते. कॉल कसा लावायचा आणि कोणाला आत घ्यायचे हा भाग त्यातून मुद्दाम वगळलेला आहे. प्रत्येक कंपनीने तो आपापल्या पद्धतीने भरला आणि तिथेच कुलूप लावले.

सिस्कोची गोष्ट या संदर्भात वाचण्यासारखी आहे. 2010 मध्ये टँडबर्गच्या खरेदीला मंजुरी देताना युरोपीय आयोगाने सिस्कोला तिच्या टेलिप्रेझेन्स यंत्रणेचा टीआयपी प्रोटोकॉल स्वतंत्र संस्थेच्या हवाली करायला लावला. दोनच वर्षांनी हीच सिस्को मायक्रोसॉफ्ट-स्काइप मंजुरीविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेली. मायक्रोसॉफ्टवर आंतरसुसंगततेची अट का घातली नाही, ही तिची तक्रार होती. डिसेंबर 2013 मध्ये ती फेटाळली गेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे लक्झेंबर्गच्या न्यायालयातही चालते.

आज परक्या बैठकीत शिरण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला ‘डायरेक्ट गेस्ट जॉइन’. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2019 मध्ये सिस्को आणि झूम यांच्यासह त्याची घोषणा केली. गूगल मीट आणि वेबेक्स यांच्यात 2021 मध्ये तसाच करार झाला. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या खोलीत झूमची बैठक सुरू झाल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात त्या यंत्राने झूमचे वेबपान उघडलेले असते. त्यामुळे कुठे दुसरा पडदा रिकामा राहतो, कुठे टेबलावरच्या एचडीएमआय केबलमधून सादरीकरण जात नाही. कोणती सोय गळेल हे कंपन्यांच्या जोडीवर ठरते, आणि जोडी उलटी केली की गळतीही बदलते. असून अडचण, नसून खोळंबा.

दुसरा मार्ग मधल्या गेटवेचा. टँडबर्गमधल्या जुन्या मंडळींनी नॉर्वेत उभारलेली पेक्सिप ही त्यातली ठळक कंपनी. जुन्या सिप आणि एच.323 खोल्या ती टीम्सच्या बैठकीत आणून बसवते, आणि चित्र चांगले येते. पण त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, म्हणजे दोन कंपन्यांनी एकमेकांशी बोलायचे टाळले त्याचे भाडे ग्राहक तिसऱ्या कंपनीला भरतो. ते भरूनही पूल टिकेलच असे नाही. 2009 मध्ये अशाच जोडकामासाठी निघालेली ब्लूजीन्स 2020 मध्ये व्हेरायझनने घेतली, त्याच वर्षी एअरटेलने ती भारतात गाजावाजाने आणली, आणि 2023 मध्ये व्हेरायझनने ती बंद करत असल्याचे जाहीर केले.

तिसरा मार्ग लॅपटॉपला यूएसबी केबल लावण्याचा. तो बहुधा चालतो, आणि लाखो रुपयांची खोली लॅपटॉपचा कॅमेरा-माइक होऊन राहते.

या तिन्हींच्या आधी कॅलेंडरचा अडथळा असतो. मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजमधली खोलीची मेलपेटी मूळ सेटिंगनुसार आमंत्रणातला मजकूर पुसून टाकते, आणि संस्थेबाहेरून आलेल्या आमंत्रणावर प्रक्रियाच करत नाही. दुसऱ्या कंपनीच्या बैठकीची लिंक नेमकी त्या मजकुरात असते. मग टेबलावरच्या पडद्यावर ‘जॉइन’ बटण उमटत नाही आणि शिव्या झूमला बसतात. प्लॅटफॉर्मच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तरी तक्रारी या दोन सेटिंगांच्या असाव्यात, असा या स्तंभाचा जुना संशय आहे.

ही परिस्थिती अटळ होती का, याचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळते. युपीआय 2016 मध्ये आले तेव्हा आणि त्यानंतरही काही वर्षे काउंटरवर क्यूआर स्टिकरांची रांग असे. त्यातल्या वॉलेट कंपन्यांच्या खासगी स्टिकरांसमोर दुसऱ्या वॉलेटचे गिऱ्हाईक फोन हातात धरून नुसतेच उभे राही. डिसेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली क्यूआर कोडसाठी समिती नेमली. जुलै 2020 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि 22 ऑक्टोबर 2020 रोजी परिपत्रक निघाले. नवा खासगी क्यूआर कोणी काढायचा नाही. भारत क्यूआर आणि युपीआय क्यूआर राहतील. खासगी क्यूआर वापरणाऱ्यांनी 31 मार्च 2022 पर्यंत आंतरसुसंगत क्यूआरवर यायचे. परिपत्रकात ठाम तारीख होती. ‘सर्व प्रमुख कंपन्यांशी सुसंगत’ अशी मोघम ओळ त्यात नव्हती.

त्यानंतर क्यूआर काढणाऱ्या कंपन्या बुडाल्या नाहीत, ही या तुलनेतली सर्वांत बोलकी बाब. काउंटरवर आजही दोन-तीन कंपन्यांचे स्टिकर दिसतात, पण कोणत्याही युपीआय ॲपने कोणताही स्कॅन होतो. स्पर्धा उरली ती साउंडबॉक्सच्या भाड्यात आणि दुकानदाराला मिळणाऱ्या कर्जात. व्हीसी कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की सगळे एकमेकांना जोडले गेले तर नवनिर्मिती थांबेल. साउंडबॉक्सने तो केव्हाच निकालात काढला आहे. मान्य असो वा नसो, हा निकाल साउंडबॉक्स दर दोन मिनिटांनी मोठ्याने ऐकवतो.

दुसरी बाब पाहुणेपणाची. फोनपेच्या स्टिकरवर गूगल पेने पैसे देणाऱ्याला अर्धीच रक्कम पाठवता येईल, असे कोणी सांगत नाही. मीटिंग रूममध्ये मात्र परक्या यंत्राला मुळातच कमी सोयी देतात आणि त्यालाच सुसंगतता म्हणतात. तिसरी बाब मधल्या संस्थेची. युपीआयच्या मध्यभागी मुंबईत मुख्यालय असलेले एनपीसीआय आहे, आणि ते कोणत्याही एका ॲपच्या मालकीचे नाही. व्हीसीच्या मध्यभागी परवाने विकणारे गेटवे आहेत. शिवाय क्यूआरवाल्यांना आधी विस्कळीतपणा निस्तरावा लागला, तर व्हीसीवाल्यांकडे 1996 पासून चालते मानक होते. त्यांनी ते बाजूला सारून विस्कळीतपणा नव्याने उभा केला.

आपल्या सरकारने 2020 मध्ये काय केले, तेही याच रांगेत बसते. एप्रिलमध्ये गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने स्वदेशी व्हीसीसाठी स्पर्धा घेतली आणि ऑगस्टमध्ये केरळातल्या टेकजेन्शियाचे व्हीकन्सोल विजयी झाले. जुलैत खासगी क्षेत्रातले जिओमीट आलेच होते. एकाच वर्षात रिझर्व्ह बँक नव्या खासगी क्यूआरना मज्जाव करत होती आणि सरकारचे एक खाते व्हीसी प्लॅटफॉर्मची संख्या वाढवत होते. नव्या प्लॅटफॉर्मच्या उद्घाटनाला फीत कापता येते. परिपत्रकाला फीत नसते.

तुलनेला मर्यादा आहेत. पैशाचा व्यवहार म्हणजे छोटासा संदेश असतो, तो दोन सेकंद उशिरा पोहोचला तरी चालते. संभाषणात एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत राहावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, आणि मधल्या गेटवेने चित्राचे रूपांतर केले की तो वाढतो. टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध बैठकीत तर साधा गेटवे चालतच नाही, कारण रूपांतरासाठी त्याला मजकूर उघडावा लागतो. लॉबीत कोणाला थांबवायचे, रेकॉर्डिंगची संमती कोणाच्या नियमांनी घ्यायची, हात वर केल्याची खूण पलीकडे कशी न्यायची, हे प्रश्नही खरेच आहेत. तथापि दोन पडदे चालू ठेवणे आणि केबलवरचे सादरीकरण पलीकडे पोहोचवणे हे यातल्या कोणत्याच प्रश्नावर अडलेले नाही. एच.323 च्या खोल्या एच.239 या जोडमानकाने बोलणाऱ्याचे चित्र आणि सादरीकरण एकाच वेळी पाठवत असत.

रिझर्व्ह बँकेच्या जवळपास जाणारा अधिकार या क्षेत्रात फक्त युरोपीय आयोगाकडे दिसतो, पण त्याचे आदेश मीटिंग रूमच्या दारापर्यंत येऊन थांबतात. टीम्स ऑफिसला जोडून विकण्याविरुद्ध स्लॅकने 2020 मध्ये केलेल्या तक्रारीवरून सुरू झालेले प्रकरण सप्टेंबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंधनकारक हमीवर मिटले. टीम्सशिवाय ऑफिस कमी दरात मिळेल आणि टीम्सच्या स्पर्धकांना मायक्रोसॉफ्टच्या काही उत्पादनांशी जोडता येईल. ही जोडणीची हमी 10 वर्षांची आहे. टीम्सच्या खोलीने झूमच्या बैठकीत पूर्ण हक्काने बसावे, असे त्यात नाही. युरोपच्या डिजिटल बाजार कायद्यात व्हिडिओ कॉलची आंतरसुसंगतता स्पष्ट लिहिलेली आहे आणि तिची मुदत 2027 मध्ये येते. ती लागू आहे व्हॉट्सॲप आणि मेसेंजर यांना. टीम्स, झूम, वेबेक्स आणि मीट यांच्या बैठका त्या यादीत नाहीत.