मनाच्या मापनातील शून्य त्रुटी

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला जातो. व्हर्नियर कॅलिपर हाती घेतला की आधी त्याची शून्य त्रुटी पाहावयाची. जबडे मिटलेले असताना दोन्ही मापपट्ट्यांचे शून्य जुळत नसेल, तर पुढचे प्रत्येक वाचन तेवढ्याने चुकते. हाच नियम मनालाही लावावयास शाळेतच शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे. विशेषतः आपले शरीर आणि आपले जेवण यांच्या बाबतीत.

आपल्या वऱ्हाडात सुट्टीला घरी आलेल्या नातीला आजी विचारते, "काहून वाळलीस व माय?" वाळणे ही तिच्या लेखी काळजीची गोष्ट. नातीच्या हातातला मोबाईल मात्र दिवसभर उलटे सांगत असतो. मग डबा तसाच परत येतो, वसतिगृहातील मुलगी मेसमध्ये जाण्याचे टाळते, मुलगा आरशासमोर दंड मोजत बसतो. यातील काहींच्या बाबतीत पुढे खाण्याची भीती बसते किंवा भान सुटून खाणे व नंतर स्वतःचा तिटकारा येणे असे चक्र सुरू होते. यांना आहारविकार म्हणतात. हा आजार आहे, हट्ट नव्हे. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७३ साली त्यातील एका प्रकाराला नाव दिले. तो मुलींना होतो तसा मुलांनाही होतो.

"ज्या जिल्ह्यात मेळघाट आहे, तेथे हे श्रीमंती चोचले कशाला?" असे कोणी म्हणेल. पण फिजी बेटांचे उदाहरण पाहा. तेथे धडधाकट, भरलेले शरीर चांगले मानण्याची रीत होती. १९९५ साली एका भागात दूरचित्रवाणी आली. त्या वेळी आणि पुन्हा १९९८ मध्ये अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी केला जाणारा एक घातक प्रकार पहिल्या पाहणीत एकाही मुलीत नव्हता. तीन वर्षांनी तो शंभरात अकरा मुलींत आढळला. रोगाला श्रीमंती लागत नाही, चित्रे पोचली की पुरे.

आता मोजमापाकडे वळू. घरच्या काट्यावर सकाळचे आणि संध्याकाळचे वजन सहसा जुळत नाही. एक लिटर पाणी प्यायलात तर काटा एक किलोने पुढे जाणारच. त्यात चरबीचा अंशही नाही. दुसरे माप वजनाला उंचीच्या वर्गाने भागून काढतात. समजा, दोन मुले अगदी एकाच घडणीची आहेत, पण एक दहा टक्के उंच आहे. घनफळ उंचीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून त्याचे वजन १.३३ पट होईल; उंचीचा वर्ग १.२१ पट. भागाकार १.१ पट. म्हणजे घडण तीच असून आकडा दहा टक्के जास्त! हे सूत्र बेल्जियमच्या केटले यांनी एकोणिसाव्या शतकात काढले ते समूहाच्या अभ्यासासाठी. वाढत्या वयात तर मोठ्यांच्या मर्यादा लागूच होत नाहीत.

हे झाले बाहेरचे माप. आतले माप याहून फसवे. दहावीची एक मुलगी वर्गात शिरते, मागच्या बाकावर हसू फुटते. "मला जाड म्हणून हसले," असा निष्कर्ष ती क्षणात काढते. हे वाचन झाले. पण त्रुटी पाहिली का? हसण्याची आणखी कोणती कारणे असू शकतील? पुरावा काय? शंभरपैकी किती खात्री आहे? स्वतःच्या विचाराकडे असे थोडे बाजूला उभे राहून पाहणे याला अधिबोध म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील जॉन फ्लॅवेल यांनी ही संकल्पना मांडली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे स्टेफेन मॉरिट्झ यांनी तिच्यावर आधारलेले प्रशिक्षण तयार केले, आणि ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात ते आहारविकारांसाठी जुळवून घेण्यात आले. आपल्याकडेही ही वाट अगदी नवी नाही. विचार तपासून भावना बदलता येते, हे अल्बर्ट एलिस यांचे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी भारतात रुजवले.

असे प्रशिक्षण थोड्या वेळाचे आणि मोबाईलवर घेता येण्याजोगे करता येते. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या मुलाला मानसतज्ज्ञाकडे जाणे अवघड, बोलायला संकोचही वाटतो. ज्या मोबाईलवरून चित्रे येतात, त्यावरूनच ती तपासण्याची रीतही यावी, आणि ती मराठीत यावी.

पण हे वेळेवर व्हावयास हवे. का, ते एका प्रयोगावरून कळते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे लक्ष कशात लागेना, ते चिडचिडे व उदास झाले. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. उपासमारीने शरीराबरोबर विचारही बदलले. म्हणजे ज्या उपकरणाने त्रुटी शोधावयाची, तेच उपकरण भूक बिघडवते. म्हणून तपासण्याची सवय आधी लागली पाहिजे. आजार जडल्यावर एवढ्याने भागत नाही. तेव्हा डॉक्टरच हवेत. गंमत अशी की, वर सांगितलेल्या भागाकाराला आजचे 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली याच कीज यांनी दिले.

शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात कोणाचे वजन मोठ्याने वाचू नका. 'जाड्या', 'काडी' ही नावे थट्टेतही चालू देऊ नका. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शरीर कमावण्यास शिकवीत आले आहे. शरीर काय करू शकते ते पाहावे, कसे दिसते ते नव्हे, हा आखाड्याचा धडा वर्गातही घ्यावा. आणि वर्षातून दोन तास या विचार-तपासणीला द्यावेत.

मित्रहो, एखादा मित्र वा मैत्रीण जेवण टाळत असेल तर चिडवू नका, उपदेशही करू नका. जवळ बसा, आणि घरच्यांना किंवा विश्वासातील शिक्षकांना सांगा. ती चहाडी नव्हे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि स्वतःविषयी एखादा कडवट विचार मनात आला, की वहीत उतरवण्यापूर्वी विचारा : शून्य जुळले आहे ना?